योकिच देऊन दोन घेतले, आणि हंगाम गेला : बेंच मोठा हवा की जोडी जमलेली?

मागच्या व्हिडिओत मी दुकानातल्या पगाराचं गणित सांगता सांगता दोन मिनिटं बास्केटबॉलवर घसरलो होतो. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की सर, हे फँटसी-बिंटसी काय आहे, आणि भांड्यांच्या दुकानदाराचा त्याच्याशी काय संबंध? कॅमेऱ्यासमोर ते सगळं नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. बिझनेसच्या टिप्स हव्या असतील तर आधीच सांगतो, आज अर्ध्याहून जास्त बास्केटबॉल आहे. चालत असेल तर वाचा.

आमची लीग दहा जणांची. चौघे माझ्याबरोबर बीबीएला होते, एक माझा मावसभाऊ जो आता न्यू जर्सीत असतो, बाकी त्याचे-माझे मित्र. ऑक्टोबरमध्ये एनबीएचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आम्ही खेळाडूंची वाटणी करतो, ज्याला ड्राफ्ट म्हणतात. प्रत्येकाकडे १३ खेळाडू. त्यातले रोज १० जणच मोजले जातात, ३ बेंचवर. दर सोमवारपासून रविवारपर्यंत एकाची टीम दुसऱ्याच्या टीमशी भिडते. त्या आठवड्यात खऱ्या सामन्यांत तुमच्या खेळाडूंनी जे केलं त्याची बेरीज, आणि ती नऊ खात्यांत मोजायची : गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, थ्री पॉइंटर, फील्ड गोलची टक्केवारी, फ्री थ्रोची टक्केवारी आणि टर्नओव्हर. टर्नओव्हर ज्याचे कमी, तो जिंकला. नऊपैकी पाच खाती घेतली की आठवडा तुमचा.

पैसे अजिबात नाहीत, हे मुद्दाम सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्यात फक्त मिसळीवर हिशोब होतो. मावसभावाची मिसळ तो भारतात आला की. त्याच्याकडे माझ्या सहा थकल्यात.

अमेरिकेत हिवाळ्यात संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला. त्यामुळे दुकान उघडायच्या आत माझा निकाल लागलेला असतो. चहा घेताना फोन बघून माझा चेहरा कसा होतो यावरून आमच्याकडे घरात अंदाज लावतात.

आता वाद काय आहे ते सांगतो. लीगमधला माझा एक मित्र सिमेंटचा डीलर आहे. त्याचं म्हणणं, बेंच मोठा पाहिजे. तेराच्या तेरा जण कामाचे हवेत, कारण हंगाम ८२ सामन्यांचा, कोण ना कोण दुखावणारच. मावसभावाचं म्हणणं, केमिस्ट्री महत्त्वाची. एकमेकांना जमणारे खेळाडू घे, बाकी भर कुठूनही घाल. हा वाद चार वर्षं चालू आहे आणि दोघंही मला पंच करतात. आज निकाल देतो.

आधी केमिस्ट्री. पहिली गोष्ट म्हणजे फँटसीत खेळाडू एकमेकांबरोबर खेळतच नाहीत. तुमचा एक जण डेन्व्हरमध्ये, दुसरा मिलवॉकीत. ते एकमेकांना पास देत नाहीत, एकमेकांवर रुसत नाहीत, त्यांची ओळख असण्याचीही गरज नाही. मग केमिस्ट्री कसली? तर आकड्यांची.

यानिस आंतेतोकुंपो घ्या. गुण भरपूर, रिबाउंड भरपूर, फील्ड गोलची टक्केवारी उत्तम. पण फ्री थ्रोला अलीकडच्या हंगामांत साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास, आणि सामन्याला दहा-दहा वेळा लाइनवर जातो. समजा आठवड्यात चार सामने झाले, त्यात त्यानं ४० फ्री थ्रो मारले आणि २५ गेले. तुमच्या बाकीच्या सगळ्यांनी मिळून ६० मारले, ५० गेले. बाकीच्यांची टक्केवारी ८३ च्या वर, आणि टीमची आली ७५. एका माणसानं खातं बुडवलं. आता अशा यानिसबरोबर तुम्ही स्टेफ करी ठेवलात, ज्याचे फ्री थ्रो कारकिर्दीभर ९० टक्क्यांच्या वर आहेत, तर करीचा तो गुण पाण्यात जातो. खातं बुडायचं ते बुडतंच. त्याऐवजी यानिसबरोबर रूडी गोबेर घेतलात तर? तोही फ्री थ्रोला कच्चा, पण रिबाउंड, ब्लॉक आणि फील्ड गोलची टक्केवारी देतो. फ्री थ्रोचं खातं आम्ही मुद्दाम सोडून दिलं म्हणायचं आणि उरलेल्या आठांतून पाच काढायचे. याला खेळाडूंच्या भाषेत पंट करणं म्हणतात. मला यात आपल्या धंद्याचं फार दिसतं. आमच्या दुकानात नॉनस्टिकचे महागडे विदेशी ब्रँड ठेवायचे मी बंद केले आणि पितळ-तांब्यावर जोर दिला तो असाच. सगळ्या खात्यांत पास व्हायला गेलात की कुठल्याच खात्यात पहिले येत नाही.

दुसरी केमिस्ट्री खऱ्या मैदानावरची. ती तुमच्या हातात नसते, पण तुमच्या बेरजेत येते. निकोला योकिच आणि जमाल मरी यांची जोडी डेन्व्हरला २०२३ चं विजेतेपद देऊन गेली. पिक लावायचा, बॉल द्यायचा, परत घ्यायचा. एकाचा असिस्ट म्हणजे दुसऱ्याची बास्केट. दोघं तुमच्याकडे असतील तर चांगल्या आठवड्यात दोन्ही खाती एकदम भरतात. वाईट आठवड्यात दोन्ही एकदम रिकामी, हेही लक्षात ठेवा. आणि ही जोडी कधी मोडेल सांगता येत नाही. रविवार, २ फेब्रुवारी २०२५. सकाळी दुकान उघडून जेमतेम तास झाला होता, आणि फोन वाजायला लागला. लुका डॉन्चिच लेकर्सला, अँथनी डेव्हिस डॅलसला. मला वाटलं कोणीतरी चेष्टा करतंय. सिमेंटवाल्याकडे डेव्हिस होता. डॅलसकडून पहिलाच सामना, २६ गुण, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये दुखापत होऊन बाहेर. पुढचे कितीतरी आठवडे बेंचवर. त्या एका व्यवहारानं फक्त दोघांचे आकडे बदलले नाहीत. डॅलसमध्ये ज्यांना डॉन्चिचकडून मोकळे थ्री मिळायचे त्यांचे बदलले, लेकर्समध्ये बॉल कोणाच्या हातात राहणार हे बदललं. आमच्या लीगमध्ये चार जणांच्या टीम त्या सकाळी हलल्या.

आता बेंच. आणि इथे मला माझी स्वतःची चूक सांगायची आहे.

डिसेंबर २०२४. माझ्याकडे योकिच होता. हो, तोच, ज्यानं त्या हंगामात सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड आणि १०.२ असिस्ट केले. म्हणजे सरासरीच ट्रिपल-डबल. माझे दोन खेळाडू तेव्हा जखमी होते आणि बेंच रिकामा वाटत होता. सिमेंटवाल्याचं सारखं ऐकून माझ्याही डोक्यात बेंच बसला होता. लीगमधल्या एकानं मला योकिचच्या बदल्यात दोन चांगले खेळाडू देऊ केले. नावं सांगत नाही, त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही. मी कागदावर बेरीज केली, ती जास्त आली, आणि मी हो म्हटलं.

समजायला सोपं पडावं म्हणून सगळं एकाच मापात सांगतो. समजा योकिचची किंमत दिवसाला ६०. आलेल्या दोघांची ३८ आणि ३५, म्हणजे ७३. तेरानं फायदा, बरोबर? चूक. कारण एक दिला आणि दोन आले म्हणजे माझ्याकडे १४ झाले. एकाला सोडावं लागलं. त्याची किंमत समजा २८. म्हणजे आधी माझ्याकडे ६० अधिक २८, ८८ होते. आता ७३. मी दिवसाला १५ देऊन बसलो. आणि समोरच्यानं दोन दिले, एक घेतला, त्याची एक जागा रिकामी झाली. ती त्यानं फुकटात भरली. कदाचित मी सोडलेल्या माणसानंच! बीबीएला अपॉर्च्युनिटी कॉस्टवर मला चांगले मार्क होते, आणि तुम्हाला मी ते व्हिडिओत फळ्यावर शिकवतो. स्वतःच्या वेळी काही आठवलं नाही.

शिवाय बेंचवरच्या तिघांचा उपयोग रोज होतो असंही नाही. एनबीएत बुधवारी आणि शुक्रवारी सामन्यांची गर्दी असते. त्या दिवशी तुमचे बाराजण खेळत असतात आणि मोजायचे दहाच, म्हणजे दोन चांगले खेळाडू तुमच्यासाठी वाया. गुरुवारी मोजकेच सामने, त्या दिवशी तुमचे दोन-तीनच मैदानात. बेंच मोठा करून बुधवार सुधारत नाही. गुरुवारी खेळणारा एखादा साधा माणूस बुधवारी रात्री उचलला तर आठवडा सुधारतो. तो माणूस बाहेर फुकट उभा असतो, कोणाच्याच टीममध्ये नसतो.

म्हणून फँटसीपुरता माझा निकाल मावसभावाच्या बाजूनं. आकडे जमणारे खेळाडू आधी, एका जागेत जास्तीत जास्त देणारा मोठा खेळाडू त्याच्याबरोबर, आणि बेंच शेवटी. सिमेंटवाल्या, वाईट वाटून घेऊ नको. थांब, पुढे तुझंच आहे.

कारण खऱ्या बास्केटबॉलमध्ये हेच उत्तर उलटं पडतं, आणि मला लिहायचं होतं ते इथून पुढचं.

खऱ्या मैदानावर बाहेर फुकट उभा असलेला कामाचा माणूस नसतो. फिनिक्स सन्सकडे २०२४-२५ मध्ये केव्हिन ड्युरंट, डेव्हिन बुकर, ब्रॅडली बील असे तिघं होते. पगाराचा आकडा लीगमध्ये सगळ्यात मोठा. तो इतका वर गेला की नियमांनी त्यांचे व्यवहाराचे रस्ते बंद झाले, आणि बाकीच्या जागा किमान पगारावर येणाऱ्यांनी भराव्या लागल्या. ३६ विजय, ४६ पराभव, प्लेऑफसुद्धा नाही. त्याच्या आधीच्या वर्षी पहिल्याच फेरीत मिनेसोटानं चार-शून्य घरी पाठवलं होतं. फँटसीत हे तिघं कोणीही आनंदानं घेतलं असतं. त्यांचे तिघांचे आकडे मिळून कुठल्याही आठवड्यात छान दिसले असते. पण मैदानावर बॉल एकच असतो.

२००४ चे लेकर्स तर तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवतील. शॅकिल ओनील, कोबी ब्रायंट, शिवाय कार्ल मलोन आणि गॅरी पेटन. फायनलमध्ये मलोनचा गुडघा गेला आणि मागे कोणी नव्हतं. डेट्रॉइट पिस्टन्सनं ४-१ नं उडवलं. डेट्रॉइटकडे त्या तोडीचं एक नाव नव्हतं. पण बिलप्स, हॅमिल्टन, प्रिन्स आणि दोन वॉलेस यांना एकमेकांच्या चुका पाठ होत्या. आता तुम्ही म्हणाल, मग ही केमिस्ट्रीचीच गोष्ट झाली की. अर्धी झाली. पूर्ण गोष्ट सॅन अँटोनियोची.

२०१३ ला स्पर्स फायनल हरले. सहाव्या सामन्यात कप हातात आलेला, शेवटच्या काही सेकंदांत रे ॲलननं कोपऱ्यातून थ्री मारला, ओव्हरटाइममध्ये सामना गेला, मग सातवाही गेला. असा पराभव झाल्यावर आपण काय केलं असतं? मी तरी चांगल्या माणसांना आणखी राबवलं असतं. ग्रेग पोपोविचनं पुढच्या अख्ख्या हंगामात एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांपर्यंत जाऊ दिली नाही. सामना ४८ मिनिटांचा असतो. टोनी पार्कर, टिम डंकन, सगळे तिसाच्या आत. म्हणजे रोज दहा-दहा जण खरोखर खेळत होते. तरी ६२ विजय, लीगमध्ये सगळ्यात जास्त. आणि २०१४ च्या फायनलमध्ये त्याच मायामीला ४-१. तिसऱ्या सामन्यापासून बोरिस डिऑला बेंचवरून उचलून सुरुवातीच्या पाचांत टाकलं, काही अडलं नाही. पाचव्या सामन्यात पॅटी मिल्सनं बेंचवरून येऊन १७ गुण केले. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू कावाय लेनर्ड, तेव्हा वय २२.

हे मी कितीतरी वेळा पाहिलंय, आणि दरवेळी मला तोच प्रश्न पडतो. स्पर्सचा बेंच मोठा होता म्हणून ते जिंकले, की केमिस्ट्री होती म्हणून? माझं मत असं झालंय की बेंचला मिनिटं मिळाली म्हणून केमिस्ट्री दहा जणांत पसरली. नाहीतर ती पाच जणांतच राहते, आणि पाचातला एक पडला की संपली. यादीत नावं किती आहेत याला मी बेंच म्हणत नाही. त्यांना किती मिनिटं दिलीत ते बघा.

२०२५ ची फायनल घ्या ना. इंडियाना पेसर्सवर माझं खास प्रेम, कारण ५ ऑक्टोबर २०१९ ला मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये त्यांना सॅक्रामेंटोविरुद्ध खेळताना मी तिकीट काढून पाहिलंय. त्या मोसमातल्या पेसर्सपैकी मायल्स टर्नर आणि टी. जे. मॅकॉनेल २०२५ मध्येही तिथेच होते. फायनलमध्ये समोर ओक्लाहोमा सिटी, हंगामात ६८ विजय, शाय गिल्जस-अलेक्झांडर एमव्हीपी. कोणी पेसर्सना विचारत नव्हतं. तिसऱ्या सामन्यात इंडियानाच्या बेंचचे ४९ गुण, समोरच्या बेंचचे १८. मालिका सातव्या सामन्यापर्यंत ओढली. त्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये टायरीस हॅलिबर्टनचा अकिलीस तुटला. टीमचा मेंदूच गेला. तरी हाफटाइमला पेसर्स एका गुणानं पुढे होते, ४८-४७. शेवटी हरले, १०३-९१. बेंचनं अर्धा सामना पेलला. दोन्ही अर्धे पेलेल असा बेंच कोणाकडेच नसतो. पण समोरचा संघही उथळ नव्हता हे विसरू नका, तेही दहा-दहा जण खेळवणारेच होते.

आता दुकानाचं एक सांगतो आणि थांबतो.

लग्नसराईत आमच्याकडे रुखवताची आणि आंदणाची भांडी जातात. प्रत्येक भांड्यावर नाव घालून द्यावं लागतं. ते मशीन चालवणारे एकच काका, माझ्या वडिलांच्या वेळचे. हात इतका सुरेख की लोक फक्त त्यांच्या अक्षरासाठी शेजारच्या तालुक्यातून यायचे. काउंटरवर एक ताई आहेत. त्या गिऱ्हाइकाकडे बघून काकांना खूण करायच्या आणि सौदा पक्का व्हायच्या आत काकांनी पहिला हंडा हातात घेतलेला असायचा. योकिच-मरी म्हणा. मी या जोडीवर खूश होतो, ट्रेनिंगमध्ये त्यांची उदाहरणं द्यायचो.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात काकांना डेंग्यू झाला. सोळा दिवस. दुकानात आणखी चार मुलं होती, पगार चौघांचाही चालू होता, आणि मशीनला एकाचाही हात कधी लागलेला नव्हता. कारण काका असताना मशीनवर दुसऱ्याला कशाला बसवायचं? एक मुलगा बसला, तर वरपक्षाच्या सत्तावीस ताटांवर आडनावातली वेलांटी चुकवली. ती ताटं माझ्या गोडाऊनमध्ये अजून आहेत. नवरीचे वडील मला काही बोलले नाहीत, आणि ते जास्त लागलं. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न गेल्या वर्षी झालं, भांडी दुसरीकडून घेतली.

चारजण पगारावर होते. यादीत बेंच होता. मिनिटं शून्य. आणि सांगलीत सकाळी फोन उघडून नाव घालणारा माणूस फुकटात उचलता येत नाही. आला तरी ताईंची खूण त्याला कळायला सहा महिने लागतील. फँटसीत नवा खेळाडू त्याच रात्रीपासून गुण देतो, कारण त्याला कोणाला ओळखावंच लागत नाही.

आता मंगळवारी दुपारी दोन ते पाच काका मशीनला हात लावत नाहीत. शेजारी स्टूल टाकून बसतात आणि शिव्या घालतात. आधी जुन्या भांड्यांवर, मग घरगुती ऑर्डरवर, आता दोन मुलं साधी ताटं स्वतः करतात. काकांना सुरुवातीला फार लागलं, मला काढून टाकायचा विचार आहे का असं त्यांनी सरळ विचारलं. त्यांना पार्करची २९ मिनिटं मी सांगितली नाहीत, पण पगार वाढवला आणि शिकवण्याचे वेगळे पैसे लावले. सुरुवातीचे काही महिने मंगळवारी काम कमी निघायचं. माझ्या भावाला ते आजही पटत नाही. दुपारच्या तीन तासांत काका किती ताटं करतात आणि मुलं किती, हे तो मला मोजून दाखवतो. आकडे त्याचे बरोबर आहेत.

सिमेंटवाल्यानं हे ऐकल्यावर विचारलं, मग मिसळ कोणाला? म्हटलं, लीगची मावसभावाला, दुकानाची तुला. त्याला ते मान्य नाही. मावसभावाला तर अजिबात नाही, त्याचं म्हणणं काका आणि ताईंच्या जोडीशिवाय दुकानच चाललं नसतं, तर मुलांना शिकवायला वेळ कुठून आला असता. बरोबर आहे त्याचंही. डिसेंबरमध्ये तो येतोय, तेव्हा मिसळीवर बसून पुन्हा भांडू. तुमच्या दुकानात असं एकाच माणसाला येणारं कुठलं काम आहे, ते मात्र मला कळवा. पुढचा व्हिडिओ त्यावरच करायचा आहे.